सात मुद्द्यांच्या बाई

कुणी प्रश्न विचारला, की बाई हातातला खडू उजव्या कानामागे खोचत आणि म्हणत, "मला नाही माहीत. शोधू या का?"

या वाक्याचा पूर्वार्ध मी आयुष्यात पुष्कळ ऐकला आहे. मुरबाडला कोर्टात मी बत्तीस वर्षे कारकुनी केली. पिंजऱ्यात उभा असलेला साक्षीदार अडचणीत आला, की "मला माहीत नाही" म्हणतो आणि म्हणताना छताकडे पाहतो. बाई मात्र हे वाक्य अशा चेहऱ्याने उच्चारीत, की जणू कुणी नुकताच त्यांच्या तळहातावर पेढा ठेवला आहे. सरकारने शिकवण्यासाठी नेमलेली व्यक्ती भर वर्गात, शाळेच्या वेळेत, एकोणीस मुलांसमक्ष आपले अज्ञान जाहीर करते आणि वर प्रसन्न दिसते, ही बाब मला प्रथमदर्शनीच आक्षेपार्ह वाटली. तसे मी लेखी कळवलेही. त्या कळवण्याचे पुढे जे झाले, त्याला माझी तयारी नव्हती.

आमचे गाव किन्हवलीकडून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आहे. निवृत्त होऊन मी गावी परतलो तेव्हा शतक संपत आले होते. गावाने मला ग्रामशिक्षण समितीवर घेतले. त्याचे कारण माझी विद्वत्ता नसून इतर कुणाला वेळ नव्हता, हे होते. मी समितीची नियमावली मागितली. ती कुणाकडेच नव्हती. दोन स्मरणपत्रे पाठवून मी ती मिळवली, आणि त्या दिवसापासून गावात माझे नाव ‘अर्जवाले आबा’ पडले. मला त्यात अपमान वाटला नाही. एसटी फाट्यावर थांबत नाही, विजेचा खांब कलला आहे, टपाल आठवड्यातून दोनदाच वाटले जाते, या गोष्टी पारावर बडबडून सुटत नाहीत. त्या लिहाव्या लागतात, त्यांची कार्बन प्रत ठेवावी लागते आणि कार्यालयाची पोच घ्यावी लागते. लिहूनही त्या सुटत नाहीत, हा मुद्दा वेगळा.

बाई आमच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून आल्या. म्हणजे तीन वर्षांचा करार, आणि तो नीट पार पडला तर पुढे कायमची सरकारी नोकरी. वय तिशीच्या आत, लग्न झालेले नव्हते, मुरबाडला आईजवळ राहत. सकाळची एसटी आमच्या फाट्यावर थांबत नसल्यामुळे त्या पुढच्या थांब्यावर उतरत आणि तेवढेच अंतर उलटे चालत येत. त्यासाठी त्यांनी पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले होते. कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली ते बूट, अशा वेशात त्या लगबगीने येताना दिसल्या, की आमच्या सौभाग्यवती दारातूनच म्हणत, "आली बगा तुमची कवायत."

शाळा चौथीपर्यंत. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. मुख्याध्यापक सज्जन होते आणि सज्जन माणसाप्रमाणे कशातच पडत नसत.

आमचा पहिला संबंध आला तो लावणीच्या दिवसांत. माझ्या खाचरात अकरा बाया लावणीला होत्या. शाळेची घंटा म्हणजे कसाऱ्याहून कुणीतरी फार पूर्वी आणलेला रुळाचा एक तुकडा. तो चिंचेच्या फांदीला टांगलेला आहे. गावाचे खरे घड्याळ तेच. मधल्या सुट्टीचे टोल पडले, की बाया चिखलातून वर येतात आणि भाकरी सोडतात. त्या दिवशी सव्वाअकरालाच टोल पडले. बाया वर आल्या. मी मनगटावरचे घड्याळ दाखवून त्यांना परत उतरवले. दहा मिनिटांनी पुन्हा टोल. मी पुन्हा उतरवले. चौथ्यांदा टोल पडले तेव्हा त्यांच्यातली वडीलधारी बांधावर मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, "आबा, तुमच्या घड्याळाला चावी द्या."

मी छत्री उचलली आणि शाळेत गेलो. वर्ग रिकामा. दोन मुले चिंचेखाली हातोडी घेऊन उभी, चार मुले देवळापाशी, काही ओढ्याच्या अलीकडे, काही पलीकडे, आणि प्रत्येक तुकडीतले एक पोर हातात रुमाल घेऊन. बाई ओट्यावर उभ्या राहून कुठला रुमाल हलतो आणि कुठला हलत नाही, ते पाटीवर लिहून घेत होत्या. मी विचारले, हे काय चालले आहे. त्यांनी खडू कानामागे खोचला. घंटेचा आवाज किती लांब जातो, हे शोधणे चालले होते. मी विचारले, वेळापत्रकाप्रमाणे आता कोणता तास. म्हणाल्या, परिसर अभ्यासाचा. "मग परिसरातच आहेत ना मुलं, आबा." वर मला विनंती केली, की आपण आलाच आहात तर जरा ओढ्याच्या वळणावर उभे राहता का, तिथे कुणी कमी पडते आहे.

हा प्रश्न तिसरीतल्या कुसुमने काढला होता. नंतर मला कळले, की तिची वाडी ओढ्यापलीकडे असून तिथे टोल ऐकूच जात नाही, आणि म्हणून ती दररोज उशिरा येते. त्या वेळी मला कारणाशी कर्तव्य नव्हते. मला अकरा बाया आणि बुडालेला अर्धा दिवस दिसत होता.

मी लगेच अर्ज लिहिला नाही. रागाच्या भरात लिहिलेला अर्ज पुराव्यात टिकत नाही. मी दोन महिने निरीक्षण केले. वही केली, तारीख-वार-वेळ लिहिली, मुले कुठे होती, कुणी काय विचारले, बाईंनी काय उत्तर दिले नाही, सगळे नोंदवले. भाताच्या बांधावर मुठ्याच्या बिळाभोवती एकोणीस मुले उकिडवी बसलेली मी पाहिली. खेकडा बिळात तोंडाने शिरतो की पाठीने, हा विषय होता. गावातल्या प्रत्येक घरी जाऊन मुलांनी विचारले, की तुमच्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते. माझ्याही घरी आली होती. डोळखांबकडची एक निरक्षर म्हातारी, जी आमच्या बाजूला कंद विकायला येते, तिला बाईंनी वर्गात नेऊन स्वतःच्या खुर्चीवर बसवले आणि स्वतः मुलांत खाली बसल्या. म्हातारीने कडू कंद गोड कसा करतात ते सांगितले. शासकीय खुर्चीवर अनधिकृत व्यक्ती, असा तो माझा चौथा मुद्दा झाला.

एकूण मुद्दे सात. सहा मुद्दे घटनांचे होते आणि सातवा त्यांवरून काढलेला: ‘सबब, सदर शिक्षिकेच्या वर्तनामुळे मुलांचे शैक्षणिक नुकसान होत आहे.’ खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. पाच पाने झाली. अर्ज मी स्वतः शहापूरला नेऊन दिला आणि पोच घेतली. त्या पाच पानांइतके काळजीपूर्वक मी कोर्टातही काही लिहिले नसेन.

चौकशीला विस्तार अधिकारी आले. बाईंनी अर्जाची प्रत शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, तारखा बरोबर आहेत. अधिकाऱ्यांना असा आरोपी बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा. त्यांनी समज दिली: वेळापत्रक पाळा, टाचणवहीत दररोजचा धडा लिहा, वर्ग वर्गात घ्या. बाई बरे म्हणाल्या. मला वाटले, प्रकरण निकालात निघाले.

पुढच्याच शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, त्या एकोणीस मुलांसह माझ्या ओटीवर हजर. मी समजलो, मोर्चा आहे. मी उठून उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "आबा, मुलांना एक गोष्ट शिकायची आहे, आणि ती मला येत नाही. अर्ज कसा लिहायचा?"

वाचकहो, तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांच्यावर रागावले तर ती राग घेतच नाहीत. पोस्टमनने चुकीच्या घरी टाकलेल्या पत्रासारखा तो पुन्हा आपल्याच हातात येतो. मी संशयाने विचारले, कसला अर्ज. मुलांना एसटीच्या आगारप्रमुखांना लिहायचे होते, की आमच्या बाई रोज लांबून चालत येतात, तरी गाडी फाट्यावर थांबवावी. तोच विषय मी चार वर्षे लिहीत होतो. मी चष्मा पुसला आणि बसलो.

दीड तास मी बोललो. विषय म्हणजे काय, संदर्भ म्हणजे काय, ‘महोदय’ कुठे लिहायचे, ‘आपला विश्वासू’ कुठे. मुले ओळी आखून लिहीत होती. बाईही मागे बसून लिहीत होत्या. मग कुसुमने हात वर केला.

"आबा, उत्तर नाय आला तं?"

मी म्हणालो, स्मरणपत्र पाठवायचे.

"त्याचाबी नाय आला तं?"

दुसरे स्मरणपत्र.

"तुमाला आजून कुनाचा आलाय का?"

माजघरातून आमच्या सौभाग्यवतींच्या हसण्याचा आवाज आला. बाईंनी पदर तोंडाला लावला. मी मुलांना सांगितले, की पोच येते आणि पोच हेही एक प्रकारचे उत्तर आहे. मुलांच्या अर्जाचीही पोच आली. थांबा आला नाही. मात्र त्या शनिवारपासून दर शनिवारी माझ्या ओटीवर शाळा भरू लागली, आणि मी जी माहिती देत असे, तिच्यात एखादी गोष्ट मला खरोखर ठाऊक नसली तर बाईंचा चेहरा उजळत असे. माझ्या अज्ञानावर एवढी खूश झालेली व्यक्ती मी दुसरी पाहिली नाही.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत त्या एकट्याच आल्या. हातात इंग्रजी वर्तमानपत्राचे कात्रण होते. कल्याणच्या मावसबहिणीने दिलेले. मुंबईत एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली होती आणि तिला प्राथमिक वर्गांसाठी शिक्षिका हव्या होत्या. पहिले वर्ष वर्गशिक्षिकेच्या हाताखाली, मुलांना मराठी शिकवायचे आणि काम शिकायचे. मग स्वतंत्र वर्ग. त्या शाळेची पद्धत बाईंनी मला समजावून सांगितली. तिथे धड्यापासून सुरुवात करीत नाहीत, मुलांच्या प्रश्नापासून करतात. शिक्षिकेने उत्तर सांगायचे नसते. मुलांना शोधायला लावायचे आणि ती कशी शोधतात याची नोंद ठेवायची.

मी कात्रण दोनदा वाचले. म्हणजे ज्या कृत्याबद्दल मी बाईंविरुद्ध पाच पाने खर्ची घातली, तेच कृत्य करण्यासाठी मुंबईत जाहिरात देऊन माणसे बोलावतात. मला राग आला. तो नेमका कुणाचा आला, हे मला ठरवता आले नाही, त्यामुळे लिहिताही आले नाही.

मी एवढेच म्हणालो, की एक वर्ष काढले तर कायमची सरकारी नोकरी आहे. आईचा विचार करा. बाईंनी कात्रण घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "आबा, रोज शाळेत जाऊन पहिलं काम काय करते मी, माहीत आहे? टाचणवहीत खोटं लिहिते. ‘कविता पाचवी, चालीवर म्हणून घेतली.’ आणि मग मुलांना घेऊन ओढ्यावर जाते. पस्तीस वर्षं असं लिहायचं का?"

हे खोटे लिहिणे कुणाच्या अर्जामुळे सुरू झाले होते, ते आम्हा दोघांनाही माहीत होते. त्या ते बोलल्या नाहीत.

अर्ज इंग्रजीत करायचा होता. बाईंचे इंग्रजी एसटीत शब्दकोश वाचून कमावलेले, माझे कोर्टातले. मी मसुदा केला. त्याची सुरुवात अशी होती, की वर नमूद केलेली अर्जदार अत्यंत नम्रतापूर्वक सादर करते की. आणि शेवट, की या कृपेबद्दल अर्जदार सदैव प्रार्थना करीत राहील. बाईंनी तो शब्दकोश घेऊन वाचला.

"आबा, मी नोकरी मागतेय का जामीन?"

मग त्यांनी तो स्वतः लिहिला. साधा, आखूड, दोन चुका असलेला. चुका मी दुरुस्त केल्या; बाकी कशाला बाईंनी हात लावू दिला नाही. गाडे अडले ते सोबतच्या कागदांवर. शाळेची अट होती, की मुलांनी विचारलेल्या प्रश्नांचा वर्गाने माग कसा काढला, याची त्या त्या वेळी केलेली लेखी नोंद जोडावी. नंतर आठवून लिहिलेली चालणार नाही. बाईंकडे लेखी नोंद म्हणून दोन टाचणवह्या होत्या. त्यांत बाईंनी दोन वर्षांत एकही प्रश्न ऐकला नव्हता. रोज कविता चालीवर म्हणून घेतली होती. पाटीवरचे पुसले गेले होते.

त्या तशाच उठून गेल्या. अर्जाची मुदत दहा दिवसांवर होती.

चौथ्या दिवशी पुन्हा आल्या आणि दारातच म्हणाल्या, "आबा, तुमचा तो तक्रार अर्ज मला द्याल का? पोच असलेली प्रत."

मी प्रथम अब्रुनुकसानीचा विचार केला. रीतसर विचार केला. कलमे आठवली, अपवाद आठवले, सद्हेतूने केलेली तक्रार कुठे बसते ते आठवले. बाईंच्याकडे पाहिले तर त्या हसत होत्या. म्हणाल्या, "दोन महिने कोण बसलं होतं माझ्या वर्गावर डोळा ठेवून? तारीख, वेळ, कुणी काय विचारलं, सगळं आहे त्यात. दोन साक्षीदार आहेत. सरकारी शिक्का आहे. अशी नोंद मुंबईतसुद्धा कुणाकडे नसेल."

बत्तीस वर्षे मी फितूर साक्षीदारांना मनातल्या मनात शिव्या दिल्या आहेत. फिर्यादीच्या बाजूने उभा राहायचा आणि बोलायचा आरोपीच्या बाजूने. आता माझेच कागद फितूर होणार होते. मी फडताळातून प्रत काढली.

त्याचे इंग्रजी मीच करायचे होते. तीन दिवस लागले. करताना पुष्कळ ठिकाणी मला तो अर्ज वाचवेना. म्हातारीला खुर्चीवर बसवल्याबद्दल मी ‘निर्लज्जपणे’ हा शब्द वापरला होता. मी तिथे सौम्य शब्द घातला. बाईंनी मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली आणि तो पकडला. त्यांनी मला काही सौम्य करू दिले नाही. ज्या माणसाला बाई आवडतात त्याने लिहिलेले कोण खरे मानील, असा त्यांचा प्रश्न होता, आणि पुराव्याच्या दृष्टीने तो बिनतोड होता. ‘निर्लज्जपणे’ राहिला. मी खाली ‘सत्यप्रत’ लिहून सही केली.

त्या मुलाखतीला गेल्या त्या दिवशी मी अंगणात बराच वेळ फेऱ्या घातल्या, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे. "पोरीची सोयरीक हाय का?" असेही त्या म्हणाल्या. 

दुसऱ्या दिवशी शाळेआधी बाई ओटीवर येऊन बूट न काढता पायरीवरच बसल्या आणि सांगू लागल्या. मुलाखत घ्यायला तिघे जण होते. मुख्य बाईंनी माझा अर्ज पहिल्या पानापासून मोठ्याने वाचला. घंटेपाशी एक जण हसला, कंदाच्या म्हातारीपाशी तिघेही थांबले आणि तो भाग पुन्हा वाचला. मग त्यांनी विचारले, की या गृहस्थांच्या तक्रारीवर तुमचे म्हणणे काय.

मी विचारले, मग तुम्ही काय सांगितले.

"म्हटलं, सहा मुद्दे खरे आहेत. सातवा त्यांनी शोधला नाही, नुसता लिहिला."

एवढे बोलून त्या शाळेत गेल्या. मी पायरीवर बसून राहिलो. वस्तुस्थिती वेगळी आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष वेगळा. निष्कर्षाला स्वतंत्र पुरावा लागतो. हे मी नवशिक्या वकिलांना सांगत असे. सातव्या मुद्द्यासाठी मी एकाही मुलाची वही उघडून पाहिली नव्हती. एकालाही काही विचारले नव्हते.

मार्चमध्ये निवड झाल्याचे पत्र आले. जूनपासून हजर व्हायचे होते. पुढे वर्षभराने त्यांना स्वतंत्र वर्ग मिळाला आणि तिथली मुले त्यांना बाई न म्हणता एकेरी नावाने हाक मारतात, असे त्यांनी मला कळवले. त्यावर मी सविस्तर हरकत नोंदवली आणि त्यांनी ती आपल्या वर्गाला वाचून दाखवली. पण ते नंतरचे. आधी त्या मार्चचे सांगितले पाहिजे.

बातमी गावात पसरली आणि संध्याकाळी पालक माझ्याकडे आले. सात-आठ जण असतील. पुढे कुसुमची आई होती. कुसुम चौथी पास होऊन जाणार होती, पण तिचा धाकटा भाऊ आणि वाडीतली आणखी पाच मुले जूनमध्ये तिसरीत, म्हणजे बाईंच्या वर्गात यायची होती. कुसुमची आई एरवी माझ्यासमोर पदर सरळ करण्यापलीकडे काही बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"आबा, येवढी वर्सां तुमी अर्ज करताव. येक आमच्यासाठी करा. बाईना थांबवा."

बाईंच्या करारात एक ओळ होती. मुदत संपण्याआधी राजीनामा दिला आणि ग्रामशिक्षण समितीने लेखी हरकत घेतली, तर शिक्षकाला उरलेल्या मुदतीसाठी ठेवून घेता येत होते. करार मी वाचला होता. गावात तो दुसऱ्या कुणी वाचलेला नव्हता. एक पान लिहायचे होते, खाली समितीच्या सह्या, आणि या वेळी पोचेवर थांबायची गरज नव्हती. हा माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज ठरला असता, ज्याला उत्तर येणार हे मला खात्रीने माहीत होते. एक वर्ष बाई राहिल्या असत्या. मुंबईची जागा वर्षभर राहिली नसती.

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हणालो, "तशी तरतूद नियमात नाही."

माझ्यावर अविश्वास दाखवण्याचे त्यांना काही कारण नव्हते. ते उठले. कुसुमची आई पायरी उतरताना म्हणाली, "तुमीच म्हनताव तं नसल." त्या वाक्याचा त्रास मला पुढे बरीच वर्षे झाला.

ते गेल्यावर आमच्या सौभाग्यवती माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाल्या, "खोटा बोलताना कौलांकडं कशाला बगत होताव?"

बाईंना हे कुणी सांगितले, मला ठाऊक नाही. निकालाच्या दिवशी त्या निरोप घ्यायला आल्या. मुलांनी खाऊ, पेरू, एक कोंबडीचे पिल्लू असे बरेच काही दिले होते. पिल्लू त्यांनी आमच्याकडेच सोडले. जाताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला, आणि वर उठताना हळूच म्हणाल्या, "करार मीही वाचलाय, आबा." मी एसटीच्या वेळेबद्दल काहीतरी बोललो.

जूनमध्ये नवे गुरुजी आले. ते वाईट नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. वेळेवर येत, शुद्ध बोलत, कुणाला मारीत नसत. समितीचा सदस्य म्हणून मी जुलैत भेटीला गेलो. तिसरी-चौथीची सगळी मुले वर्गात, पटावर होती तितकी, तीन ओळींत मांडी घालून बसलेली. फळ्यावर तारीख, विषय, धड्याचे नाव. टाचणवहीत तोच धडा. गुरुजींनी माझ्यासमोर धडा पुरा केला आणि मुलांना विचारले, की कुणाला काही शंका आहे का. कुणी हात वर केला नाही. कुसुमचा धाकटा भाऊ पुढच्याच ओळीत होता. तो फळ्याकडे पाहत राहिला. गुरुजी समाधानाने माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "शंका राहू देत नाही मी, आबा."

मग त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि शेरेबुक पुढे ठेवले. सदस्याने भेटीत काय पाहिले, ते त्यात लिहायचे असते. मी टोपण काढले. पट पूर्ण होता, वेळापत्रक पाळले जात होते, धडा झाला होता. यातली कुठलीही ओळ लिहिली असती तर ती खरी ठरली असती; मी पाहिले ते मात्र तिच्यात आले नसते. गुरुजी नम्रपणे वाट पाहत उभे होते. मुलेही गप्प बसून वाट पाहत होती, मला लिहिताना पाहण्याची.

कोऱ्या जागेखाली सही करू नका, हे मी बत्तीस वर्षे कोर्टाच्या ओट्यावर पक्षकारांना ओरडून सांगत आलो. मी पानाच्या तळाशी सही केली, तारीख घातली, वरची सगळी जागा तशीच सोडली आणि शेरेबुक मिटून गुरुजींच्या हातात दिले.